हलकी रायफल निवडताना केवळ वजन पाहू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत रानडुकरांकडून होणारी भातशेतीची नासधूस आणि त्यावरचा उपाय म्हणून दिले जाणारे शेतीसंरक्षणाचे बंदूक परवाने, या विषयावर आपल्या दैनिकात अलीकडे चांगली चर्चा झाली. तिच्या ओघात एका पत्रलेखकाने परवानाधारकांना असा सल्ला दिला की, रात्रभर बांधावर वागवायची असल्यामुळे मिळेल तितकी हलकी रायफल घ्यावी आणि कॅलिबर (नळीच्या पोकळीचा व्यास) मात्र मोठेच ठेवावे. ठाण्यात राहून गावाकडची शेती सांभाळणारा एक परवानाधारक म्हणून मला हा सल्ला अर्धाच पटतो, आणि ज्या अर्ध्या भागाशी माझे मत जुळत नाही, तो भाग धोक्याचा आहे.

कायद्याची चौकट आधी स्पष्ट असावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हौसेच्या शिकारीला आपल्याकडे जागा उरलेली नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे, आणि ते उभ्या पिकाला किंवा माणसाच्या जिवाला घातक ठरले असेल तरच कलम ११ खाली प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने त्याला मारता येते. तेव्हा बंदुकीचा परवाना खिशात आहे म्हणून कोणी जनावरावर गोळी झाडू शकत नाही. हे दोन स्वतंत्र कागद आहेत, आणि गावोगावी नेमका याच ठिकाणी घोटाळा होतो.

आता मूळ मुद्दा. ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे, तिथे मध्यम कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने ६.५ मिलिमीटरपासून .३० इंचापर्यंतची काडतुसे. १९०६ सालचे .३०-०६ स्प्रिंगफील्ड, १९५२ साली बाजारात आलेले .३०८ विंचेस्टर, त्याच्याच पितळी कवचाचे तोंड अरुंद करून १९८० साली काढलेले ७ मिलिमीटर-०८ रेमिंग्टन आणि २००७ चे ६.५ क्रीडमूर ही त्यांतली ठळक नावे. .३०-०६ चे कवच ६३ मिलिमीटर लांब, तर .३०८ चे ५१. कवच आखूड असले की बोल्टचा, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या दांड्याचा, प्रवास आखूड होतो, रायफलीचा सांगाडा लहान होतो आणि थोडे वजनही आपोआप वाचते. डोंगरात दिवसदिवस चालणाऱ्या शिकाऱ्यांसाठी अशा रायफली मुद्दाम हलक्या केल्या जातात. फिनलंडच्या टिक्का कंपनीची टी-३-एक्स लाइट दुर्बिणीशिवाय तीन किलोंच्या आत भरते, आणि अमेरिकेतील किंबर कंपनीच्या डोंगरी रायफली तर सव्वादोन किलोंच्या आसपास असतात.

हे आकडे वाचून मोह पडणे साहजिक आहे, पण वजन घटवण्याची किंमत खांद्याला मोजावी लागते. काडतूस तेच राहिले तर धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते; चार किलोंची रायफल तीन किलोंची केली की धक्का एक तृतीयांशाने वाढतो. सव्वादोन किलोंच्या रायफलीत .३०-०६ चे जड गोळीचे काडतूस घातले, तर पहिल्या दोन-तीन बारांनंतर नवखा माणूस चाप दाबण्याआधीच डोळे मिटू लागतो. ही सवय एकदा जडली की ती सुटायला फार वेळ लागतो, आणि तोवर झाडलेली प्रत्येक गोळी जनावराला मारण्याऐवजी जखमी करते. याउलट ७ मिलिमीटर-०८ सारख्या काडतुसाचा धक्का तेवढ्याच वजनाच्या रायफलीत .३०-०६ पेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी बसतो, आणि रानडुकरासाठी त्याची ताकद पुरेशी असते. म्हणून हलकी रायफल हवी असेल तर कॅलिबरही त्याच बेताने उतरवावे लागते. हलके शस्त्र आणि मोठे काडतूस या दोन्हींचा आग्रह एकाच वेळी धरणे हा पत्रलेखकांच्या सल्ल्यातला दोष आहे.

वजन कुठून कमी केले आहे, हेही पाहावे लागते. बहुतेक वेळा नळी बारीक केलेली असते. बारीक नळी लवकर तापते आणि सलग तीन-चार बार झाले की गोळ्या विखरू लागतात. शिकारीत पहिल्या बारालाच महत्त्व असल्याने तिथे हे चालते, पण सरावाच्या वेळी नळी थंड होऊ देण्याइतका धीर हवा. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा भाग, लाकडी असेल तर आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात तो फुगतो, नळीला टेकतो आणि ऑक्टोबरात तीच रायफल भलतीकडे मारू लागते. ठाणे जिल्ह्यात तरी सिंथेटिक दस्ता आणि स्टेनलेस नळी यांसाठी चार पैसे जास्त मोजणे मला योग्य वाटते. सागवानी दस्त्याची शान बैठकीच्या खोलीत ठीक आहे. चाप जड असेल तर हलकी रायफल चाप ओढतानाच हलते, त्यामुळे दीड किलोच्या आत सुटणारा, स्वच्छ चाप असणे अगत्याचे. आणि वजन करायचेच तर दुर्बीण, तिची कडी, पट्टा आणि भरलेली काडतुसे यांच्यासह करावे, कारण या साऱ्यांनी अर्धा-पाऊण किलो सहज वाढतो. या सर्वांसह साडेतीन किलोंच्या आसपास राहणारी रायफल आपल्या कामाला सर्वांत सोयीची, असे माझे मत आहे. त्याहून फार हलकी रायफल दमलेल्या माणसाच्या हातात स्थिर राहत नाही.

आपल्याकडचे अंतरही विचारात घ्यायला हवे. तीनशे-चारशे मीटरवर सपाट जाणारी गोळी हा ६.५ क्रीडमूरचा मोठा गुण सांगितला जातो, पण मुरबाडच्या खाचरांत बॅटरीच्या उजेडात डुक्कर दिसते ते पन्नास-साठ मीटरवर. तिथे अंतरापेक्षा गोळीच्या बांधणीला महत्त्व आहे, कारण मोठ्या नराच्या खांद्यावर चिवट कातडीचे कवच असते आणि ठिसूळ गोळी त्यातच फुटते. .२२ ची रायफल या कामासाठी वापरणे हा निव्वळ छळ आहे. बारा बोअरच्या छऱ्यांच्या बंदुकीचे एलजी, म्हणजे मोठ्या छऱ्यांचे, काडतूस तीस-पस्तीस मीटरपर्यंत काम करते, त्यापुढे त्याचा भरवसा नाही. जखमी होऊन करवंदीच्या जाळीत शिरलेले डुक्कर दुसऱ्या दिवशी ज्याच्या अंगावर येते, तो बहुधा बंदूकधारी नसतो.

परंतु एवढी चर्चा केल्यावर दुकानात गेले की प्रत्यक्षात निवडीला वावच फारसा नसतो. सर्वसामान्य परवानाधारकासाठी परदेशी रायफलींची आयात १९८० च्या दशकापासून बंद आहे. जुन्या परदेशी रायफली हातोहात अवाच्या सवा किमतीला विकल्या जातात. सरकारी कारखान्यांच्या रायफलींत मुख्यतः .३१५ आणि .३०-०६ हे दोनच पर्याय आहेत. .३१५ हे काडतूस मुळात जुन्या ऑस्ट्रियन ८ मिलिमीटर मानलिखरवरून आलेले; .३०३ लष्करी म्हणून नागरिकांना निषिद्ध ठरल्यामुळे ते आपल्याकडे रुळले, आणि त्याची रायफल ली-एनफिल्डच्या घडणीवर बेतलेली आहे. जवळच्या अंतरावर ती डुकराला पुरून उरते, पण तिला हलकी म्हणणे कठीण आहे. त्यात २०१९ च्या शस्त्र अधिनियम दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. घरात वडिलोपार्जित बारा बोअर असेल तर रायफल एकच घेता येते, म्हणजे ही निवड बहुधा जन्मात एकदाच करायची असते.

सरकारी शस्त्रकारखाने २०२१ पासून नव्या कंपन्यांकडे गेले असून, रायफली बनवण्याचे काम कानपूरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडकडे आहे. या कंपनीने आखूड कवचाच्या एखाद्या मध्यम कॅलिबरमध्ये, सिंथेटिक दस्त्याची, तीन किलोंच्या आतली साधी बोल्ट रायफल बनवली, तर ती शेतकऱ्यांच्या खऱ्या उपयोगाची ठरेल. खासगी कारखान्यांनाही आता उत्पादनाचे परवाने मिळतात. त्यांनी लष्करी कंत्राटांकडे डोळे लावून बसताना या ग्राहकाकडेही थोडे पाहावे.

दुसरी मागणी आपल्या जिल्ह्यापुरती आहे. शस्त्र नियम, २०१६ मध्ये परवान्याआधी सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाची अट आहे, पण परवाना मिळाल्यावर मोठ्या बोअरची रायफल कायदेशीरपणे झाडून पाहण्याची सोय सामान्य शेतकऱ्याला हाताशी नाही. .३०-०६ ची चुकलेली गोळी तीन किलोमीटरच्या पुढेही जाते, आणि आपल्या जिल्ह्यात तेवढ्या टप्प्यात एखादा पाडा, वीटभट्टी किंवा महामार्ग हमखास येतो. मचाणावरून खाली, मागे मातीचा चढ असतानाच बार काढायचा, हे पुस्तकात वाचून अंगवळणी पडत नाही. ठाणे व नवी मुंबई पोलीस आयुक्तालये आणि ठाणे ग्रामीण पोलीस यांनी आपल्या गोळीबार मैदानांवर, पावसाळा संपल्यावर आणि भाताच्या कापणीपूर्वी, शेतीसंरक्षण परवानाधारकांसाठी वर्षातून निदान दोन दिवस राखून ठेवावेत. त्या दिवशी झाडलेली काडतुसे परवान्यावरील वार्षिक मर्यादेत धरू नयेत, आणि पन्नास मीटरवर ताटलीएवढ्या वर्तुळात सलग तीन गोळ्या बसवणाऱ्यालाच वनखात्याने कलम ११ चा आदेश द्यावा, अशी माझी सूचना आहे.

आपला नम्र,
एक परवानाधारक वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)