कुर्ल्या, काजू आणि बाबांची जमीन : आमच्या बाईंना आभाराचं पत्र

प्रिय बाई,

असं सगळ्यांसमोर पत्र लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून तुमचं नाव, गाव, शाळा काहीच घालत नाही. गोव्यात साखळीच्या बाजूला मराठी शाळेत ज्यांनी उभी हयात पोरांना व्याकरण शिकवलं त्या मुसलमान बाई, एवढंच पुरे, ओळखणारे ओळखतील. उघड लिहितेय कारण माझ्यासारख्या विचारात पडलेल्या आणखी दोघीतिघी मला माहीत आहेत आणि त्यांना विचारायला तुमच्यासारखं कोणी नाही.

मी इस्लामकडे का वळले ते इथे लिहीत नाही, ते लिहिलं की लोक त्यावरच वाद घालत बसतात. आणि मी अजून कलमा, म्हणजे मुसलमान होताना म्हणायची साक्ष, पढलेला नाही, विचार चालू आहे. पण विचार करताना नुसता देव डोक्यात नसतो ना, आई असते, पगार असतो, चवथ म्हणजे घरची गणेशचतुर्थी असते, आणि हे बोलायची कुठेच सोय नव्हती. घरी कुणकुण लागली तेव्हा पहिला प्रश्न, "कोण आहे तो?" कोणीच नाही म्हटलं तर विश्वास नाही, मुलगी म्हटली की मागे पुरुष असणारच. दुसऱ्या बाजूला ज्यांना विचारायला गेले ते एकदम ईमान, आखिरत असं मोठं मोठं बोलायला लागायचे, आणि मला विचारायचं होतं की नमाजाआधी कंपनीच्या बेसिनमध्ये पाय कसा धुवायचा.

तुम्ही हसला नाहीत. आत गेलात आणि सरांचे जुने चामड्याचे मोजे घेऊन आलात, चेनवाले, घोट्याच्या वर जाणारे, आणि टेबलावर वर्तमानपत्र घालून त्यावर ठेवून दाखवलंत की घरून पूर्ण वजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, करून हे घातले की प्रवासात नसलेल्याला एक दिवस एक रात्र पाय धुवावे लागत नाहीत, ओला हात वरून फिरवला की झालं. आणि जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाच्या, चार सक्तीच्या रकात, पाच-सात मिनिटांचं काम, लंचमध्ये सहज बसतं. असर, म्हणजे सूर्यास्ताआधीची नमाज, तेवढी थंडीत अडचणीची, कारण सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि तेव्हा आमची बस कुर्टीच्या ट्रॅफिकमध्ये असते, तर ती कंपनीतच पढून निघायचं. बाई, कितीतरी रात्री मला ज्याने झोप लागली नव्हती ते तुम्ही चहा थंड व्हायच्या आत संपवलंत.

मग मासळी. गोव्याच्या मुलीला हा प्रश्न पडणारच, हलाल नसलेलं मटण-चिकन सोडायला मला एक मिनिट लागणार नाही पण तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या? मला वाटायचं समुद्रातलं सगळं चालतं. तुम्ही सांगितलंत की मासळीला कापायबिपायची अट नाही, पण हनफी पंथाचे लोक पाण्यातला फक्त मासा खातात, शिंपल्या नाही, कुर्ल्या म्हणजे खेकडे नाही, आणि सुंगटं म्हणजे कोळंबी मासा की नाही यावर त्यांच्यातच मतभेद, आणि शाफई पंथात, म्हणजे कोकण किनाऱ्याचे पुष्कळ मुसलमान, समुद्रातल्याला बरीच मोकळीक आहे तरी कुर्लीवर तिथेही दोन मतं आहेत. "आमच्या घरात हा वाद लग्नापासून चालू आहे," असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी पहिल्यांदा मोकळी हसले असेन. कोणीतरी सांगितलं की धर्माच्या आतसुद्धा माणसं जेवणाच्या ताटावरून भांडतात, मला फार बरं वाटलं.

काजूचं मात्र हसण्यावारी गेलं नाही. आमची बागायत सत्तरीत, बाबांच्या वर्षाच्या पैशातला मोठा वाटा मार्च ते मे, बिया सोसायटीला जातात आणि बोंडं भाटीवाल्याला, त्याची हुर्राक होते, फेणी होते. त्या पैशावर माझं कॉलेज झालं. उद्या ती बाग माझ्या वाट्याला आली तर? तुम्ही म्हणालात बियांच्या पैशात काही वांधा नाही, बोंडांचा ताजा रस, नीरो, प्यायलाही नाही, पण दारू गाळणाऱ्याला माहीत असून बोंडं विकणं बहुतेक उलेमा, म्हणजे धर्माचे जाणकार, नाहीच म्हणतात, इमाम अबू हनीफांचं मत थोडं सैल आहे, "आणि मी व्याकरणाची बाई, यावर फतवा देणारी मी कोण, मौलानांना विचार". हे मला सगळ्यात आवडलं तुमचं. माहीत नाही तिथे तुम्ही सरळ थांबायचात.

जमिनीच्या बाबतीत पण तसंच. दादा म्हणाला होता धर्म बदललास की एक फूट जमीन मिळणार नाही. सावंतवाडीची मावशी सांगत होती तुला मिळेल पण तुझ्या मुलांना नाही. मी दोन्ही ऐकून गप्प. तुम्ही तुमच्या जुन्या विद्यार्थ्याकडे पाठवलंत, वकील, तो हिंदूच आहे आणि त्याने एक पैसा घेतला नाही. त्याने समजावलं की मावशी म्हणते तो हिंदू वारसा कायदा, धर्म बदलल्यावर झालेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या वारशातून बाहेर ठेवणारा, पण आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेली व्यवस्था आहे, वारशाचं आता २०१२ च्या गोव्याच्याच कायद्यात आहे, आणि त्यात वारसा धर्म बघून ठरत नाही. आईबाप आपल्या वाट्याचा अर्धाच भाग मृत्युपत्राने मनासारखा देऊ शकतात, बाकीचा अर्धा मुलांचा, मुलगा-मुलगी सारखे. १९३७ चा शरियत कायदा गोव्याला लागूच केलेला नाही, म्हणजे इथल्या मुसलमान मुलीलाही भावाएवढंच. आणि लग्न कधी केलंच तर नुसता निकाह पुरत नाही, सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन सही करावीच लागते, तशी ती गोव्यात सगळ्यांनाच लागते. धर्माच्या बाजूने बिगरमुसलमान बापाचा वारसा मुसलमानाने घ्यावा का यावर जुन्या उलेमांचं बहुमत नाही म्हणतं, हेही तुम्ही लपवलं नाहीत. फक्त म्हणालात, "घ्यायचं की नाही ते पुढे बघशील, पण आत्ता रागाच्या भरात कोणी कागद आणला तर सही करू नकोस." बाई, कागद खरंच आला होता. मी सही केली नाही.

तुमच्या ओट्यावर तेव्हा आणखी एक मुलगा यायचा, त्याचं टेन्शन वेगळंच, तो अनुसूचित जातीतला आणि नोकरी राखीव जागेवर. त्याला तुम्ही स्पष्ट सांगितलंत की १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख, बौद्ध एवढ्यांनाच तो दर्जा, मुसलमान झालास की जाणार, आपल्या गावडे-कुणबी-वेळीपांसारखं नाही, त्यांचा जमातीचा दाखला धर्मावर नसतो. तो पुढे आला नाही. तुम्ही त्याला अडवलंही नाहीत आणि ओढलंही नाहीत. आणि ते एक गृहस्थ, ज्यांना पहिली बायको असताना दुसरी करायला म्हणून "कन्व्हर्जन" हवं होतं, त्यांना तुम्ही पाणीसुद्धा न विचारता घालवलंत, वर सुप्रीम कोर्टाचा १९९५ चा निकाल ऐकवलात, की असं धर्म बदलून केलेलं दुसरं लग्न टिकत नाही. तो सीन मला जन्मभर पुरेल.

आता चवथ. यावर मी रडले होते म्हणून यावर जास्त लिहिते. आमच्या मूळ घरात सगळे जमतात, माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळांची चौकट, बांधायला मी लहानपणापासून बाबांबरोबर रानात जाते, कांगलां, माट्टुलां, घागऱ्यो, कुठल्या वेलीला काय लागतं ते दादापेक्षा मला जास्त माहीत आहे. तुम्ही खोटं गोड बोलला नाहीत. आरतीला उभं राहता येणार नाही, नैवेद्याचं खाता येणार नाही, हे सरळ सांगितलंत. मग मी म्हटलं की आई नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणाच्याच पानात काही वाढत नाही, म्हणजे त्या दिवशी घरातलं सगळंच नैवेद्याचं, मी काय खाऊ? तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "त्याला माझ्याकडे उत्तर नाही गो. त्या दिवशी जाऊ नकोस हे एक उत्तर, जा आणि उपाशी बस हे दुसरं. दोन्ही तुझ्या आईला लागणार." आणि मग सूरह लुकमानची १५ वी आयत काढून वाचून दाखवलीत, की आईबाप शिर्क, म्हणजे अल्लाहबरोबर दुसऱ्या कोणाची भक्ती, करायला लावत असतील तर ते ऐकू नको पण दुनियेत त्यांच्याशी चांगुलपणाने वाग. आणि हजरत अस्मांची गोष्ट, त्यांची आई मुसलमान नव्हती, ती भेटायला आली तेव्हा त्यांनी पैगंबरांना विचारलं की तिच्याशी नातं ठेवू का, आणि उत्तर आलं, हो, ठेव. मी ती गोष्ट आईला सांगितली, धर्माचं नाव न घेता, एक बाई होती म्हणून. आई म्हणाली, "मग, ठेवणारच ना, आई ती." आणि भाजी चिरत राहिली. अजून या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालंय.

नावाचं तुम्ही किती हलकं केलंत. मला वाटायचं दुसऱ्या दिवसापासून आयेशा नाहीतर फातिमा. तुम्ही म्हणालात नावाच्या अर्थात शिर्क नसेल तर बदलायची गरज नाही, आणि गोव्यात नाव बदलायला १९९० चा वेगळा कायदा आहे, मग आधार, पासपोर्ट, डिग्री, कंपनीचा रेकॉर्ड, कोणी सांगितलीय एवढी धावपळ. कलम्याला कागद लागत नाही, मनापासून म्हटलं की झालं, साक्षीदार असले तर बरं. कागद लागतो तो पुढे, हजला जायचं तर, आणि मेल्यावर. मला कुठे पुरणार हेही मी विचारलं होतं, वेड्यासारखं. तुम्ही म्हणालात वेडं नाही, मडगावात कबरस्तानच्या जागेसाठी लोक किती वर्षं खपतायत, तेव्हा ज्या मशिदीच्या जमातीत राहशील तिथे आधीच ओळख करून ठेव आणि घरच्यांपैकी एकाला तरी तुझी इच्छा लिहून दे.

हे सगळं करताना तुम्हाला काय सोसावं लागलं ते मला नंतर कळलं. मुलगी फूस लावून बाटवतायत अशी कुजबुज झाली, तुमच्या मुलाने पण सांगितलं की आई या भानगडीत पडू नकोस, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, दिवस तसेच आहेत. दादा तर भांडायलाच आला तुमच्या घरी. पण तोही तुमचाच विद्यार्थी, "बाई" म्हटल्यावर त्याचा आवाज चढेना, खुर्चीच्या टोकावर बसून राहिला म्हणे. तुम्ही त्याला एवढंच सांगितलंत की मी तिला घर तोडू नको सांगितलंय, तुम्हीही तिला तोडू नका, आणि ती नको म्हणाली तर मला सगळ्यात आधी कळू दे, मी कोणाला तिच्या मागे लागू देणार नाही. दादा अजून माझ्याशी धड बोलत नाही. पण बसस्टॉपवर सोडायला येतो, पावसात तर नक्की.

बाई, तुमचे उपकार फेडायची माझी ऐपत नाही, नुसते आभार मानते. पुढे काय ठरेल ते ठरेल, तुम्ही दोन्हीकडून माझ्यावर रागावणार नाही हे मला माहीत आहे. रविवारी येतेय, मोजे परत आणते, मी माझे मागवलेत. आणि एक प्रश्न राहिलाय, पगारातून जाणारा एलआयसीचा हप्ता आणि पीएफवरचं व्याज, त्याचं काय करायचं. मौलानांना विचारायचं की वकिलाला तेवढं तरी सांगा.

तुमची,
मागच्या बाकावरची