दोन वर्षांचं अंतर, बाक मात्र एकच

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात बारावीनंतर पुढं काय म्हणून अख्खं पान आलतं. सगळं वाचलं. मेडिकलला अर्धं पान, त्याच्या खालोखाल इंजिनिअरिंग, आणि फार्मसी खाली कोपऱ्यात चार ओळीत, त्याची पण सुरुवात अशी की नीटमध्ये (मेडिकलची प्रवेश परीक्षा) अपेक्षित मार्क न पडल्यास फार्मसीचा विचार करता येईल. साहेब, हे "न पडल्यास" आमच्या घरात दोन वर्षं मुक्कामाला होतं म्हणून पत्र लिहितोय. लांब होईल, कापायचं असेल तर माझं रडगाणं कापा पण दाखल्यांचं आणि फॉर्मचं तेवढं राहू द्या.

मी औषधाच्या होलसेलरकडं ऑर्डर घ्यायचं काम करतो, वीस वर्षं झाली. गाडीला बॅग लावायची आणि सात रस्ता, नवी पेठ, अशोक चौक, होटगी रोड अशी मेडिकलची दुकानं करत फिरायचं, स्कीम सांगायची, एक्स्पायरीचा माल परत उचलायचा. स्वतः फार्मासिस्ट नाही, शिक्षण बारावी आर्ट्स. पण चांगला फार्मासिस्ट काऊंटरला असला की काय फरक पडतो ते रोज बघतो, डॉक्टरच्या अक्षरात एक औषध दुसरं वाटतंय म्हणून फोन करून विचारणारी माणसं आहेत आपल्या सोलापुरात, आणि नुसतं सर्टिफिकेट भिंतीला लावून माणूस तिसऱ्याच गावाला असलेली दुकानं पण आहेत, ते बोलायला लागलो तर वेगळं पत्र होईल.

तर माझ्या दोन पोरी. थोरली २०२२ ला बारावी झाली, बायोलॉजी घेऊन. मार्क चांगले, सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेला, पण चांगला परसेंटाइल, पहिल्याच राउंडला बी.फार्मची सीट लागली, ती पण इथंच, घरातून जाऊन येऊन करता येईल अशी. आम्ही ती सोडली, नीटसाठी. असं लिहिताना पण हात जड होतो. क्लासचे सर म्हणाले अहो थोडक्यात हुकलंय, एक वर्ष द्या, फार्मसी काय पळून जातेय काय. आम्ही दिलं एक वर्ष. मग अजून एक दिलं. क्लासची फी, हॉस्टेलचं भाडं, मेसचे पैसे, आणि पोरगी घरी आली की गड्ड्याच्या जत्रेला सुद्धा बाहेर पडायची नाही कारण कुणी भेटलं की विचारणार काय करती सध्या. तिसऱ्यांदा नीट दिली ते २०२४ साल, म्हणजे तेच वर्ष ज्या वर्षी ६७ पोरांना ७२० पैकी ७२० पडले म्हणून देशभर बोंबाबोंब झाली. तिला मार्क वाढले होते हो, पण कटऑफ तिच्या पुढं दोन पावलं पळत होता.

त्याच वर्षी धाकटी बारावी झाली. तिनं मॅथ्स घेतलेलं, नीटचा विषयच नाही. सीईटी दिली, सरळ बी.फार्मचा फॉर्म भरला. आणि थोरलीनं पण भरला, तिनं पुन्हा सीईटी देऊन ठेवली होती. दोघी एकाच कॉलेजला, एकाच वर्गात, पहिले सहा महिने एकाच बाकावर. दोन वर्षांचं अंतर असलेल्या बहिणी. पाहुण्यांना सांगताना माझी बायको अजून म्हणती दोघी फार्मसीला आहेत, कुठल्या वर्षाला ते सांगत नाही.

एक गंमत मात्र झाली. बी.फार्मच्या पहिल्या सेमला ज्यांनी बारावीला मॅथ्स घेतलेलं त्यांना रेमेडियल बायोलॉजी असतं आणि बायोलॉजीवाल्यांना रेमेडियल मॅथ्स. मग रात्री जेवणं झाली की थोरली धाकटीला पेशी शिकवायची आणि धाकटी थोरलीला डेरिव्हेटिव्ह. दोन वर्षं नीटसाठी घोकलेलं तेवढं तरी कामाला आलं. हे मुद्दाम सांगतोय कारण अजून लई पालकांना वाटतं की बायोलॉजी नसेल तर फार्मसी बंद. बंद नाही. फिजिक्स केमिस्ट्री पाहिजेच, तिसरा विषय बायोलॉजी नाहीतर मॅथ्स, कुठलाही चालतो. ओपनला या विषयात ४५ टक्के लागतात आणि मागासवर्गीयांना ४०, एवढं असलं की पात्र, पुढची गुणवत्ता यादी सीईटीवर.

आणि सीईटी म्हणजे नीटची धाकटी बहीण नाही हे पण कुणी सांगत नाही. नीटला चुकलं की मार्क कापतात, सीईटीला कापत नाहीत, म्हणजे एक पण प्रश्न सोडायचा नाही. बायोलॉजी ग्रुपला २०० मार्कांचा पेपर, त्यात शंभर नुसते बायोलॉजीचे. आणि अकरावीचा भाग साधारण २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के, आपल्या स्टेट बोर्डाच्या पुस्तकाला धरून. थोरली नीटच्या जाड पुस्तकात बुडालेली, बोर्डाचं पुस्तक शेवटच्या आठ दिवसात चाळलं. धाकटीनं दोन वर्षं फक्त तीच पुस्तकं केली. घरात मार्कांची तुलना करायची नाही असं ठरलंय म्हणून इथं पण आकडे लिहित नाही.

बरं ज्याला सीईटी जमलीच नाही त्याला पण वाट आहे. डी.फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, दोन वर्षांचं, त्याला आपल्याकडं बारावीच्या मार्कांवर ॲडमिशन, सीईटी लागत नाही. वर ५०० तासांचं ट्रेनिंग, मग फार्मसी कौन्सिलला नोंदणी, दुकान टाकता येतं. आणि डी.फार्म झालं की बी.फार्मच्या डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं. मी ज्या दुकानांना माल देतो त्यातले कितीतरी जण असेच वर आलेत. पण ज्याला कंपनीत जायचंय, क्वालिटीला, प्रॉडक्शनला, किंवा पुढं एम.फार्म करायचंय, ड्रग इन्स्पेक्टरची परीक्षा द्यायचीय, त्यानं जमत असेल तर सरळ बी.फार्मच करावं, चार वर्षांचं. चिंचोळी एमआयडीसीत औषधाचा कच्चा माल बनतो, आपल्या घरापासून अर्ध्या तासावर, आणि आपली पोरं मेडिकल म्हटलं की फक्त डॉक्टरच बघतात.

माझ्या मेव्हण्याची पोरगी न्यू जर्सीला असते. ती तिथल्या रटगर्स युनिव्हर्सिटीत फार्मसीला लागली, थेट हायस्कूलमधून, आपली बारावी म्हणा. तिथं काही युनिव्हर्सिटी अशा आहेत की शाळेच्या शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज करायचा, निवड झाली की सहा वर्षांचं फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी), पहिली दोन वर्षं पायाचे विषय आणि पुढची चार प्रोफेशनल. मार्क टिकवावे लागतात, नाहीतर मधी बाहेर. तिथं फार्मासिस्ट व्हायला फार्म.डी.च लागते म्हणे, बी.फार्म तिथनं कधीच बंद झालं. मेव्हण्याला मी विचारलं, पोरीनं डॉक्टरकीची परीक्षा दिली नाही का आधी? तो म्हणाला कशाला, तिला फार्मसीच करायची होती. मला दोन मिनिटं काय बोलावं सुचलं नाही. सोलापुरात वीस वर्षं फिरतोय, शाळेतलं पोरगं मला फार्मासिस्ट व्हायचंय म्हणताना ऐकलं नाही.

सहा वर्षांची फार्म.डी. आपल्याकडं पण आहे, २००८ पासून, पाच वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, बारावीनंतर थेट. सगळ्या कॉलेजात नसते. ज्यांच्या डोक्यात पुढं अमेरिकेत जाऊन फार्मासिस्ट व्हायचंय त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की तिथल्या परीक्षेला बसायला किमान पाच वर्षांची फार्मसीची डिग्री लागते, आपलं चार वर्षांचं बी.फार्म तिथं कमी पडतं. हे चार वर्षं झाल्यावर कळलेली पोरं मी बघितलीत.

आता दाखल्यांचं. जुलै २०२४ ला सरकारनं जीआर काढला, ज्या घराचं उत्पन्न आठ लाखाच्या आत आहे तिथल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल) मुलींना ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, त्याआधी निम्मी होती. पण ॲडमिशन कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यात घेतली की माफी नाही. आमच्या दोघींना हे मिळालं, म्हणजे एका अर्थानं थोरलीचा उशीर पथ्यावर पडला असं मी एकदा गमतीनं म्हणालो तर ती दिवसभर बोलली नाही. बरोबरच आहे तिचं.

पण या माफीसाठी उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाईल आणि कास्ट व्हॅलिडिटी वेळेवर हातात पाहिजे. रिझल्ट लागल्यावर सेतूत गेलं की तिथं अख्खा जिल्हा उभा असतो, माढ्याचा, मंगळवेढ्याचा, करमाळ्याचा. व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावी बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत करता येतो, तो करून टाकावा. ज्यांनी ड्रॉप घेतलाय त्यांना वर गॅपचं ॲफिडेव्हिट. आणि ऑप्शन फॉर्म भरताना पहिल्या नंबरला तेच कॉलेज टाका जिथं खरंच जायचंय, कारण पहिला ऑप्शन लागला की सीट आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की होती, मग पुढच्या राउंडचं बघू म्हणता येत नाही. शेजारच्या पोरानं नेटकॅफेवाल्याच्या सांगण्यावरनं भलतंच कॉलेज वर टाकलं आणि आता रोज एसटीनं दीड तास जातोय.

कॉलेज निवडताना पण जरा बघावं. २०१९ ला फार्मसी कौन्सिलनं पाच वर्षं नवीन कॉलेज नको म्हणून बंदी घातली होती, ती २०२२ ला कोर्टात उठली आणि मग कॉलेजांचं पीकच आलं. कौन्सिलची मान्यता त्या वर्षाची आहे का ते त्यांच्या वेबसाईटवर दिसतं. त्याशिवाय आत जाऊन लॅब बघा, शिकवायला माणसं किती आहेत ते दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा, ऑफिसात विचारू नका.

आणि एक, मान्यता वरनं उशिरा येतात म्हणून फार्मसीचे राउंड लांबतात. आमच्या वेळी गणपती बसून उठले तरी कॉलेज चालू नव्हतं, इंजिनिअरिंगवाली पोरं बॅगा घेऊन कधीच गेली. तेवढ्या काळात घाबरून लोक बीएस्सीला पैसे भरतात नाहीतर परत नीटच्या क्लासला जाऊन बसतात, आणि क्लासवाले नेमके तेव्हाच फोन करतात. आम्हाला पण आलता, थोरलीसाठी, चौथ्या वेळेसाठी, फीमध्ये सूट देतो म्हणाले. फोन तिनंच उचलला. काय बोलली माहीत नाही, पण परत आला नाही.

तर साहेब, पुढच्या वेळी ते पान काढाल तेव्हा फार्मसीची माहिती नीटच्या खाली न टाकता वेगळी टाका, आणि जमलं तर जूनमधी नको, डिसेंबरातच टाका, म्हणजे दाखले काढायला वेळ मिळतो.

आपला,
दोन पोरींचा बाप, शेळगी, सोलापूर