आमच्या सोसायटीच्या माळीकाकांना, आंजर्ल्याच्या लॉनबद्दल मनापासून थँक्यू

माळीकाका, नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "राहू दे गं, त्यात काय एवढं" म्हणता आणि पाइप उचलून सी विंगकडे चालायला लागता, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय. शिवाय आपल्याकडे कोकणात घर घेतलेले किंवा घ्यायच्या बेतात असलेले निम्मे लोक तरी असतील, त्यांच्याही कामाला येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आईबाबा रिटायर झाल्यावर आंजर्ल्याला राहायला गेले, घर तयारच होतं आणि पुढे लॉनही तयार, कॉन्ट्रॅक्टरने पुण्याकडच्या नर्सरीतून कार्पेटचे तुकडे नेऊन अंथरलेलं. दिसायला एकदम झकास. पहिल्याच पावसाळ्यात ते पिवळं पडलं, गोल गोल तपकिरी डाग, मधे मधे शेवाळ. कॉन्ट्रॅक्टर म्हणे समुद्राजवळ असंच होतं, दरवर्षी बदलून घ्यायचं. औषधाच्या दुकानातून बुरशीनाशक आलं, मग दुसरं आलं, आणि बाबा वैतागून पेव्हर ब्लॉकचे रेट विचारायला लागले.

तेव्हा तुम्ही गणपतीला गुहागरला गावी चालला होतात आणि "दापोलीवरून जातो की, दाभोळला फेरीबोट धरून धोपाव्याला उतरलो की झालं, वाटेतच आहे" म्हणालात. वाटेत कसलं काका, तुमची एसटी चिपळूणवरून जाते हे मलाही कळतं. वाट वाकडी करून आलात, चहाच्या आधी खुरपं मागितलंत आणि कार्पेटचा एक कोपरा उचललात. खाली बोटभर काळी माती, तिच्यात प्लास्टिकची जाळी, आणि त्याच्या खाली थेट जांभ्याचा लाल मुरूम. मुळं सगळी त्या काळ्या थरातच गुंडाळलेली, एकही खाली उतरलेलं नाही. तुम्ही वर तांब्याभर पाणी ओतलंत आणि आम्हाला बघत बसायला लावलंत. काळ्या मातीत पाणी नुसतं थबकून राहिलं. चिकण मातीचे कण बारीक, ती पाणी धरून ठेवते, खालचा मुरूम भरड, त्यामुळे वरचा थर पुरता तुडुंब झाल्याशिवाय पाणी खाली उतरतच नाही, आणि तोपर्यंत मुळं कुजतात, बुरशी धरते. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलीमीटर पाऊस, तिथे ३००० च्या वर, वरून दमट हवा. "औषध मारून काय होणार, मुळं पाण्यात बसलीत" हे तुमचं एक वाक्य, आणि बाबांनी पेव्हर ब्लॉकवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

मग कुंपणाबाहेर जाऊन तुम्ही रस्त्याकडेची हरळी दाखवलीत. खारा वारा, उन्हाळा, गाड्यांची चाकं, सगळं खाऊन हिरवीगार. गणपतीला वाहतो ती दुर्वा म्हणजे हीच, आणि बाहेरच्या देशात बर्म्युडा ग्रास म्हणून लॉनला लावतात तीही हीच जात. आई पटकन म्हणाली अहो आम्ही आयुष्यभर ही उपटून टाकली. शेतकऱ्याला शत्रू आणि आपल्याला लॉन, असं काहीतरी तुम्ही म्हणालात आणि बाबा पहिल्यांदा हसले.

पण लगेच लावू दिली नाहीत हेही बरं केलंत. आधी माती दापोलीला कृषी विद्यापीठात तपासायला पाठवली, रिपोर्ट आला तो आम्लच, जांभ्याची माती असतेच तशी, आणि त्यातलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं म्हणून नुसतं खत टाकून उपयोग नसतो. रिपोर्टप्रमाणे चुना, शेणखत, सगळं वीतभर खणून मिसळायला लावलंत, पाणी रस्त्याकडे निघून जाईल असा हलका उतार काढलात. बाबांना किनाऱ्यावरची वाळू फुकट दिसत होती, तुम्ही फोनवर असे ओरडलात की त्यांनी परत नाव काढलं नाही (मीठ आणि शिंपले फुकटात मिळाले असते). लव्हाळ्याच्या (ते गवतासारखं दिसणारं चिवट तण) जमिनीतल्या गाठी मात्र हाताने वेचायला लावल्यात, एकेक. वरून उपटला तर गाठ आत राहते आणि दुप्पट येतो, त्यामुळे आई आणि शेजारच्या वहिनी गप्पा मारत रोज थोडं थोडं वेचत होत्या, आणि खरं सांगते, आज त्या लॉनमध्ये लव्हाळा जवळपास नाही.

पावसाचा जोर ओसरला की लावायचं हेही तुमचंच. जुलैत लावलं तर काड्या वाहून जातात, उन्हाळ्यात लावलं तर पाणी पुरत नाही, ऑक्टोबरात जमीन ओली, ऊन भरपूर आणि विहीर गोड्या पाण्याने भरलेली. वीतभरापेक्षा कमी अंतरावर काड्या खोचल्या, कार्पेटच्या मानाने खर्च काहीच नाही. सुरुवातीला ते इतकं केविलवाणं दिसत होतं की बाबा पाहुण्यांना मागच्या दाराने आत घ्यायचे. संक्रांतीपर्यंत जमीन झाकली गेली. पुण्यात थंडीत हरळी मरगळते ना, तिकडे रात्री तेवढ्या गार होत नाहीत, त्यामुळे हळू का होईना वाढत राहते.

कापण्यावरून तुमची आणि बाबांची जी भांडणं झाली ती मी स्पीकरवर ऐकलीयेत. बाबांना क्रिकेटच्या पिचसारखं हवं होतं. तुमचं एकच, एका वेळी उंचीचा तिसरा हिस्साच कापायचा, पातं म्हणजे त्याचं पोट आहे, सगळं कापलं तर खाणार काय. आता दीड इंचाच्या आसपास ठेवतात, उन्हाळ्यात जरा जास्त, ओलं असताना मशीनला हात लावत नाहीत आणि दर वेळी पात्याला तेल लावतात कारण खाऱ्या हवेत ते बघता बघता गंजतं, आणि बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, मग टोकं पांढरी पडतात.

एप्रिल-मे मधे विहिरीचं पाणी मचूळ होतं ही माझी सगळ्यात मोठी काळजी होती. तुम्ही म्हणालात रोज संध्याकाळी शिंपडायचं बंद करा. थोडं थोडं दिलं की पाणी उडून जातं आणि मीठ वरच राहतं, त्यापेक्षा तीन-चार दिवसांनी पहाटे भरपूर द्यायचं म्हणजे मीठ मुळांच्या खाली ढकललं जातं, आणि रात्रभर पात्यावर ओल न राहिल्याने बुरशीही कमी. आणि मेच्या शेवटी थोडी पिवळट झाली तर झाली, हरळी मरत नाही, पहिल्या पावसाने मीठ धुऊन जातं. तसंच झालं.

युरियाचं पण सांगून टाकते कारण सगळे विचारतात. १००० चौरस फुटांना एका वेळी १ किलोच्या आत, गवत कोरडं असताना पसरायचा आणि लगेच पाणी द्यायचं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये अजिबात नाही, कारण तो पावसाबरोबर वाहून जातो आणि उरलेला बुरशीला पोसतो. पाऊस कमी झाल्यावर द्यायचा.

आणि हुमणी, ती मातीतली मुळं खाणारी अळी! ती तर मला माहीतच नव्हती. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे कडुलिंबावर जमतात ते झाड हलवून पाडायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे, नाहीतर ऑगस्टपासून अळ्या मुळं खातात आणि गवत सतरंजीसारखं उचलून हातात येतं. बाबांनी गल्लीतल्या पोरांना कामाला लावलं, वर प्रत्येकाला पेप्सीकोला.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, शर्टपीस परत पाठवलात, काकूंनी आमसुलं तेवढी ठेवून घेतली. म्हणून यंदा आंब्याची पेटी परस्पर तुमच्या मुलाकडे वारज्याला पोचेल, त्याला सांगून ठेवलंय, परत पाठवायचा विचार करू नका.

बरं, एक काम राहिलंच. दोन माडांमधल्या पट्ट्यात हरळी विरळच आहे, ऊन जेमतेम तीन तास येतं. तुम्ही मागे ते रुंद पात्याचं बफेलो ग्रास म्हणाला होतात, सावली आणि खारं दोन्ही सोसणारं. उरुळी कांचनच्या नर्सरीत विचारलं तर मिळेल म्हणाले, पण मी त्यांना आधीच सांगितलंय की कार्पेट नको, नुसते धुमारे द्या, मातीशिवाय. गणपतीला जाताना घेऊन जाल का? फेरीबोट वाटेतच आहे ना तुमच्या.

तुमची,
बी विंगमधली, कुंडीत तुळस न जगणारी