तुला व्यसन नाही, हे मला मान्य आहे

कोथरूड, पुणे

चि. सुजय यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझ्या सिगारेट-गांजाचा विषय निघाला की तुझाही आवाज चढतो आणि माझाही, म्हणून लिहितेय. "आई, मी फक्त वीकेंडला ओढतो, मला व्यसन नाही," असं तू म्हणालास. मला ते पटलं. बाबांना पटलेलं नाही, पण त्यांचं तू त्यांच्याशीच बोल.

अशी माणसं असतात. आपला मधुकाका वर्षानुवर्षं रविवारच्या जेवणानंतर गच्चीत एक सिगारेट ओढतो, थोटूक कुंडीत खुपसतो, आणि पुढच्या रविवारपर्यंत त्याला तिची आठवणही होत नाही. आणि तुझी पणजी? एकादशीचा कडकडीत उपास करायची, पण तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिसरी दातांना लागल्याशिवाय सकाळी तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. एकाच घरातली माणसं ही.

सोल शिफमन या अमेरिकन संशोधकाने दिवसाला पाचाच्या आत ओढणाऱ्यांचा बराच अभ्यास केलाय. एका सिगारेटमागे निकोटीन त्यांच्याही अंगात इतरांएवढंच जातं, पण नाही मिळाली तर ते कासावीस होत नाहीत. १९९४ साली तिकडचीच एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. आयुष्यात कधीतरी तंबाखू घेतलेल्यांपैकी साधारण ३२ टक्के लोक तिच्या आहारी गेले होते. हेरॉइनचे २३, गांजाचे ९. म्हणजे बहुतेक जण सुटतात, हे तुझं म्हणणं खरंच आहे. फक्त यादीत सगळ्यात वर कोण आहे बघ: टपरीवर चहासोबत सुटी मिळते तीच.

आणि सुटतात ते कशाच्या जोरावर? व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी बहुतेकांनी मायदेशी आल्यावर ते सोडलं. त्यांची इच्छाशक्ती काही विमानात वाढली नव्हती. ती छावणी, ते सोबती, हाताशी मिळणारा स्वस्त माल, सगळं मागे राहिलं होतं. तुझं मागे काय राहतं? विमाननगरच्या ज्या फ्लॅटवर तुझा शनिवार होतो, तिथेच सोमवारही उजाडतो. मधुकाकाला एक सिगारेट आणायला तीन मजले उतरावे लागतात, तुमच्याकडे पाकीट टीपॉयवरच असतं. ऑफिसात बॉसने झापलं, त्या मंगळवारी हात तिकडे जातो का, तेवढं बघ. मला कळवलं नाहीस तरी चालेल.

व्यसन नाही म्हणजे धोका नाही, असं मात्र धरून चालू नकोस. रोज वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो. मला वाटायचं विसावा हिस्सा असेल.

गांजाचं वेगळंच त्रांगडं आहे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात कलम ६४ अ आहे. थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला, तर खटल्यातून सुटू शकतो. तुझ्यासारख्या 'कधीतरी'वाल्याला ही वाट नाही, कारण तो व्यसनीच नाही! हसू नकोस, ही गंमत कोर्टात फार महागात पडते.

राहता राहिली एमडी, म्हणजे ती मेफेड्रोनची पावडर. पार्टीत कोणीतरी पुढे केली आणि तू "विचार करतो" म्हणालास, हे तूच सांगितलंस, आणि सांगितलंस ते बरं केलंस. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी आपल्या कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी पकडली. अशा पुडीवर आत काय आणि किती घातलंय, याची चिठ्ठी नसते. शिवाय तिची झिंग लवकर उतरते, म्हणून माणूस त्याच रात्री पुन्हा घेतो. तेव्हा सिगारेटचं तू ठरव, तू आता मोठा आहेस. एमडीचं मी ठरवलंय: नाही.

आणि तुमच्यातल्या कोणाची शुद्ध हरपली, श्वास अडकला, तर पोलीस येतील, घरी कळेल, असल्या विचारात वेळ घालवू नका. आधी १०८ लावा. त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. मग मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझी,
आई