विमा क्रमांक विचारणारी संघटना हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरले की यशवंत स्टेडियमवरून निघालेले मोर्चे टेकडी रोडवर किंवा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवले जातात आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत, आपल्याही, त्यांची बातमी बहुधा वाहतुकीच्या कोंडीची म्हणून छापून येते. कोंडी होते हे खरेच. सीताबर्डीच्या बसथांब्यावर मीही तासभर उभा राहिलो आहे. परंतु रस्त्यावर बसलेल्या महिलांनी वाटलेले मागण्यांचे पत्रक वाचायला त्या तासात सवड मिळाली, आणि त्यातूनच हे पत्र लिहावेसे वाटले.

मोर्चा आशांचा होता. गरोदर बाईची नोंद करणे, लसीकरणाला बालके आणणे, क्षयरुग्णाला गोळ्या नेऊन देणे ही कामे करणाऱ्या या महिलांना सरकारदरबारी कर्मचारी म्हणत नाहीत, ‘स्वयंसेविका’ म्हणतात. म्हणून त्यांना मिळते ते वेतन नव्हे, मानधन. या दोन शब्दांतला फरक केवळ भाषेचा नाही, कारण वेतन म्हटले की भविष्य निर्वाह निधी, विमा आणि आजारपणाची रजा मागोमाग येतात, तर मानधन म्हटले की यांपैकी काहीच येत नाही. 2013 च्या 45व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना, म्हणजे आशांसारख्या सरकारी योजनांत काम करणाऱ्यांना, कामगार मानावे अशी शिफारस केली होती. 2023 च्या अखेरीस सुरू झालेल्या आणि पुढे आझाद मैदानापर्यंत गेलेल्या लढ्यानंतर मार्च 2024 मध्ये राज्य सरकारने आशांच्या मानधनात 5,000 रुपयांची वाढ केली, शब्द मात्र तोच ठेवला. दुसऱ्याच्या घरी औषध पोहोचवणारी बाई स्वतः तापाने फणफणली, तर तिचा त्या दिवसाचा मोबदला बुडतो.

मी बंद पडलेल्या एका कापड गिरणीचा निवृत्त कामगार आहे. गिरणीत असताना घरात कोणी आजारी पडले की विमा कार्ड घेऊन दवाखान्यात जायचे, एवढेच आम्हाला ठाऊक होते; ते कार्ड कोठून आले याचा विचार तेव्हा केला नाही. तो आता करतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळत असताना, 1943 साली, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. 1944 मध्ये त्यांनी अहवाल दिला, 1948 मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि 1954 साली ही योजना नागपुरात आली. त्याच काळात, 1946 साली, ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भोर आरोग्य समितीने पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये हे तत्त्व साऱ्या देशासाठी मांडले होते. कामगारासाठी विमा आणि सर्वांसाठी आरोग्यसेवा हे दोन विचार असे एकाच दशकातले. पुढे मात्र पहिला नोकरीला बांधला गेला आणि दुसरा अहवालातच राहिला.

त्याच्याही आधी आपल्या शेजारच्या कामठीत बाबू हरदास यांनी विडी कामगारांची संघटना बांधली होती. ‘जय भीम’ या अभिवादनाशी त्यांचे नाव आपण जोडतो, पण ते विडी कामगारांचे संघटक होते याची आठवण फारशी काढली जात नाही. 1937 साली ते प्रांतिक विधिमंडळावर निवडून आले आणि जानेवारी 1939 मध्ये, जेमतेम पस्तिशीत, क्षयाने गेले. तंबाखूच्या धुळीत दिवस काढणाऱ्यांमध्ये ज्याने संघटना उभारली, त्याला फुप्फुसाच्या रोगानेच न्यावे, यावर मी भाष्य करीत नाही.

आता आजच्या हिंगणा एमआयडीसीकडे वळतो. आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी काही महिन्यांपासून रविवारी सकाळी कंत्राटी कामगारांच्या खोल्यांवर जातो. गोंदिया जिल्ह्यातून आलेल्या एका तरुणाला पावसाळ्यात कावीळ झाली. त्याच्या पगारातून दरमहा याच कर्मचारी राज्य विम्याची कपात होत होती, आणि तशी नोंद त्याच्या वेतनचिठ्ठीवरही होती. प्रत्यक्ष दवाखान्यात गेल्यावर कळले की कंत्राटदाराने ती रक्कम भरलेलीच नाही. फुले जन आरोग्य योजनेचे पाच लाखांचे संरक्षण जुलै 2024 पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी असले, तरी ते यादीतल्या उपचारासाठी रुग्णालयात भरती झाल्यावर सुरू होते. भरती न होता बाहेरून घेतलेल्या गोळ्या, रक्ततपासण्या आणि बुडालेली रोजी त्यात बसत नाही. गावाकडे धानाच्या रोवणीसाठी ठेवलेले पैसे त्यातच संपले.

हिशेब मोठा नाही. जुलै 2019 पासून या विम्याच्या वर्गणीत कामगाराचा वाटा पगाराच्या 0.75 टक्का आणि मालकाचा 3.25 टक्के आहे. चौदा हजार पगार धरला, तर कामगाराचे 105 आणि मालकाचे 455, असे महिन्याला 560 रुपये होतात. एवढ्या पैशांत कुटुंबाचे औषधपाणी होते आणि, सहा महिन्यांच्या कालावधीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर, आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी रोजीच्या 70 टक्के भत्ता मिळतो. खरी मेख त्या 78 दिवसांत आहे. कंत्राटदार बदलला तरी कामगाराचा विमा क्रमांक तोच राहायला हवा, परंतु आमच्या पाहण्यात नवा कंत्राटदार सर्रास नवा क्रमांक काढतो आणि मागचे दिवस हिशेबातून गळतात. वास्तविक कंत्राटी कामगाराची वर्गणी मुख्य मालकाने आधी भरावी आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावी, अशी तरतूद 1948 च्या कायद्यातच होती. मोठा कारखाना ‘ती मुले आमची नाहीत’ असे म्हणून हात झटकू शकत नाही. पण हे त्याला सांगणार कोण? एकट्याने विचारले की दुसऱ्या दिवशी गेट बंद.

म्हणून थकलेली वर्गणी भरली जावी यासाठी त्या तरुणासह चौदा जणांनी एकत्र अर्ज केला. पहिले नाव कोणाचे हे कळू नये यासाठी सह्या एकाखाली एक न घेता गोलाकार घेतल्या. आमच्या वेळच्या युनियनमध्ये बोनस आणि महागाई भत्ता यांपलीकडे आम्ही क्वचितच गेलो, ही चूक मी मान्य करतो. दवाखान्याची मागणी म्हणजे दुय्यम, बायकापोरांची बाब, असा आमचा समज होता.

तो किती खोटा होता हे दल्ली राजहराच्या खाणकामगारांकडून शिकता येते, आणि ते गाव नागपूरपासून काही फार दूर नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या त्या खाणींतल्या ठेका मजुरांनी 1977 साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली आपली संघटना उभी केली. संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात योग्य उपचाराअभावी दगावल्या, तेव्हा मजुरांनी स्वतःचे रुग्णालय बांधायचे ठरवले. वर्गणी त्यांची आणि बांधकामाचे श्रमही त्यांचेच. 1977 च्या गोळीबारात मारल्या गेलेल्या साथींच्या स्मृतिदिनी, 3 जून 1983 रोजी, शहीद हॉस्पिटल सुरू झाले. 1991 मध्ये नियोगींची हत्या झाली, रुग्णालय त्यांच्यानंतरही चालू राहिले. प्रत्येक वस्तीने स्वतःचे रुग्णालय बांधावे असे मी सुचवत नाही, कारण ते काम सरकारचे आहे आणि ते सरकारच्या अंगावरून काढून घेऊ नये. मात्र तिथल्या संघटनेने मजुरी आणि औषध यांच्यात पहिले-दुसरे असे केले नाही, ही गोष्ट आपण घ्यावी.

नागपुरात दवाखान्यांचा दुष्काळ नाही. मेडिकल आणि मेयो ही मोठी सरकारी रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, डागा स्त्री रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, वस्तीतले दवाखाने महापालिकेकडे, कामगार विमा रुग्णालय विमा योजनेकडे, मिहानमधले एम्स केंद्राकडे. ऑगस्ट 2023 मध्ये राज्याने उपचार मोफत केले, पण तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता होता. कोणत्या दारात किती पैसे लागतील आणि कोणते कार्ड चालेल, हे ठिय्यावर सकाळी कामाची वाट पाहणाऱ्या बांधकाम मजुराने कसे ओळखावे? बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी टिकवायला त्यालाही वर्षातले 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि रोज नव्या मालकाकडे जाणाऱ्याला असा दाखला देताना कंत्राटदार का कू करतो. नोकरीचा पुरावा मागणारी आरोग्यसेवा ज्याच्याकडे तो पुरावा नाही त्याला आधी वगळते, आणि नेमका तोच अधिक वेळा आजारी पडतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच तरतुदींना माझा विरोध आहे, तो वेगळा विषय. परंतु प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याची सक्ती त्यांत आहे, तिचा उपयोग आजच करून घ्यावा. वस्तीतल्या संघटनांनी घरोघरी जाऊन नेमणूकपत्र आहे का आणि विमा क्रमांक चालू आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. आशा, घरकामगार, विडी वळणाऱ्या बाया आणि एमआयडीसीतली मुले यांनी आपापले मोर्चे काढतानाही एक मागणी समान ठेवावी: बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधे कोणत्याही सरकारी दवाखान्यात, कोणतेही कार्ड न दाखवता, सर्वांना मोफत.

त्या चौदा जणांपैकी नऊ जणांची थकीत वर्गणी भरली गेल्याचे गेल्या आठवड्यात समजले. काविळीतून उठलेल्या तरुणाचे नाव त्या नऊ जणांत नाही. त्याचे दोन विमा क्रमांक एकत्र करण्याचा अर्ज कार्यालयात पडून आहे, आणि त्याच्या चौकशीसाठी आम्ही सोमवारी पुन्हा जाणार आहोत.

आपला,
एक निवृत्त गिरणी कामगार, नागपूर