गाडीत नसलेला ईसीएम जळाल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. विभागीय सेवा व्यवस्थापक,
व्यापारी वाहन विभाग.

दिनांक : ५ मे २०२५

विषय : आपल्या अधिकृत वर्कशॉपने तपासणी न करता सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) व बॅटरी बदलल्याबद्दल, आणि गाडीत नसलेल्या भागाचं, म्हणजे ईसीएमचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं), एस्टिमेट दिल्याबद्दल.

महोदय,

माझ्याकडे आपल्या कंपनीची २०१२ सालची पिकअप आहे. बीएस-३ (जुन्या प्रदूषण नियमांची), डिझेल, मेकॅनिकल पंप, म्हणजे डिझेलचा पंप कॉम्प्युटरशिवाय चालणारा. मार्च ते मे देवगडहून वाशी मार्केटला हापूसच्या पेट्या आणि बाकी वर्षभर चिरे, सिमेंट, लग्नाच्या खुर्च्या, जे मिळेल ते भाडं. गाडी मी आणि माझा पुतण्या असे दोघेच चालवतो. बिघाड आमच्याच चुकीनं झाला, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला ते शोधून काढायचा त्रास नको.

११ एप्रिलच्या रात्री पॅकिंग शेडमध्ये पेट्या भरताना पुतण्यानं उजेडासाठी हेडलाइट चालू ठेवले. दहा वाजता चावी मारली तर सेल्फ नुसताच कण्हला. शेजारच्या टेम्पोच्या बॅटरीला केबल जोडून जंप द्यायचं ठरलं. मोबाईलच्या उजेडात, घाईत, केबल उलट्या लागल्या. मोठी ठिणगी पडली, रबर जळल्याचा वास आला आणि पिकअप पूर्ण मेली. डॅशबोर्डवर एक दिवा नाही, हॉर्न नाही, चावी फिरवली तरी 'टक्' सुद्धा नाही. पुतण्या अजून माझ्या डोळ्याला डोळा देत नाही, तो भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोवाल्याची बॅटरी सुलट लावून पाहिली, तरी काही नाही. मग शेडपुढच्या जांभ्याच्या उतारावरून गाडी सोडली, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला. इंजिन घुमलं, चाकं घासली, पण सायलेन्सरमधून धुराचा एक भपका नाही. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितोय, कारण सगळा निकाल त्यातच होता, आणि आपल्या सर्व्हिस ॲडव्हायझरला मी ती पहिल्याच दिवशी सांगितली होती.

शनिवारी हनुमान जयंती, मग रविवार, सोमवारी आंबेडकर जयंती. मंगळवारी, १५ एप्रिलला, ३,५०० रुपये देऊन गाडी टोचन करून महामार्गावरच्या आपल्या अधिकृत वर्कशॉपला नेली. उलट जंप, मेलेले दिवे, उतारावर धूर नाही, असं तिन्ही सांगितलं. जॉबकार्डवर काय आलं? 'गाडी स्टार्ट होत नाही.' एवढंच.

पुढचं जॉबकार्डवरून लिहितो. १७ तारखेला फोन आला, बॅटरीचा सेल गेलाय, नवी टाकली, ७,२०० रुपये. बॅटरी चौदा महिन्यांची होती, वॉरंटीत होती. कुठल्या मीटरवर काय आकडा आला विचारलं, तर "टेक्निशियननं बघितलंय" एवढंच उत्तर. गाडी सुरू झाली नाही. १९ तारखेला सेल्फ गेलाय म्हणाले. नवा सेल्फ ९,८५०. गाडी सुरू झाली नाही. अक्षय तृतीया ३० एप्रिलला होती. त्याआधीचा आठवडा म्हणजे आमच्या हंगामाचं जेवणाचं ताट. २१ तारखेला झाडावरून उतरवलेला माल थांबवता येत नव्हता, म्हणून १४,००० रुपये देऊन परक्या गाडीनं वाशीला पाठवला.

२४ तारखेला मी स्वतः वर्कशॉपला गेलो, तेव्हा ॲडव्हायझरनं लॅपटॉप फिरवून दाखवला. म्हणाले, "स्कॅनर गाडीशी कनेक्टच होत नाहीये. म्हणजे ईसीएम जळालाय." एस्टिमेट ४१,३०० रुपये, शिवाय प्रोग्रामिंग वेगळं. मी गप्प बसलो बघून त्यांनी पुढचं सांगितलं : "तेरा वर्षांची गाडी आहे, एवढा खर्च करण्यापेक्षा एक्सचेंजमध्ये द्या, नवीन मॉडेलवर चांगली स्कीम आहे."

महोदय, या गाडीत ईसीएम नाही. आपण तो बसवलेलाच नाही. मेकॅनिकल पंपाच्या या गाडीला स्कॅनर लावायचं सॉकेटसुद्धा नाही. त्यांनी तो कुठं खोचला होता, हे मला आजवर कळलेलं नाही. आपल्याच कंपनीच्या वर्कशॉपला आपलीच गाडी ओळखता येऊ नये, याचं मला जास्त वाईट वाटलं.

बॅटरी, सेल्फ आणि मजुरी मिळून १९,४५० रुपये भरून २६ एप्रिलला बंद गाडी बंदच बाहेर काढली. जुना सेल्फ मागितला, तो मिळाला. जुनी बॅटरी 'बायबॅक' म्हणून ठेवून घेतली. बिलात तिचा एक रुपयाही वजा नाही.

२८ तारखेला आमच्या गावचे वायरिंगवाले घरी आले. वय साठीच्या पुढं, पिशवीत एक मल्टिमीटर आणि एक टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डर, बल्ब, एका वायरला चिमटा आणि दुसरीला सुई. उतारावर धूर आला नाही हे ऐकताच त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी सांगितलं की सेल्फचा संबंध नाही. कारण उतारावर इंजिन सेल्फशिवाय फिरतंच. फिरूनही धूर नाही म्हणजे डिझेल जात नाही. या पंपाला डिझेल उघडणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, असतो, चावी दिली की त्याला बारा व्होल्ट मिळतात आणि तो टक् करून उघडतो. दिवे मेले, सोलेनॉइड मेला, सेल्फची टकटक मेली, सगळं एकाच वेळी, तर सगळ्यांना करंट देणारी वाट एकच आहे आणि ती तुटली आहे.

बॅटरीच्या टर्मिनलवर १२.५ व्होल्ट. फ्यूज बॉक्सवर शून्य. टेस्ट लॅम्पची सुई वायरवरून सरकवत ते बॅटरीकडून फ्यूज बॉक्सकडे आले. फ्युजिबल लिंकच्या, म्हणजे फ्यूजसारख्या वितळणाऱ्या वायरच्या, अलीकडं बल्ब लागला, पलीकडं लागला नाही. बाहेरून ती वायर धडधाकट दिसत होती. त्यांनी दोन बोटांत धरून ओढली आणि ती रबरासारखी लांब झाली, कारण आतलं तांबं वितळून गेलं होतं आणि नुसतं वरचं आवरण शिल्लक होतं. उलट जंप दिला की आल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) डायोडमधून, जो एरवी करंट एकाच बाजूनं जाऊ देतो, मोठा करंट धावतो आणि बाकीचं वायरिंग वाचावं म्हणून ही लिंक आधी जीव देते. ती त्यासाठीच आपण तिथं बसवली आहे.

नवी लिंक टाकण्याआधी त्यांनी आल्टरनेटरची जाड वायर सोडून मीटर लावला. दोन्ही बाजूंनी करंट जात होता, म्हणजे डायोड शॉर्ट. ते बघितलं नसतं तर नवी लिंकही लगेच गेली असती. डायोडची प्लेट बदलली, लिंक टाकली, चेसिसच्या अर्थिंगवरची हिरवी पूड घासून काढली (खाऱ्या हवेत ती धरतेच, दर पावसाळ्यानंतर घासायला हवी, ही चूक माझी). चावी दिली, पंपातून टक् आलं, सेल्फ मारला, गाडी सुरू. चालू इंजिनवर मीटर १४.१ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग बरोबर. सव्वादोन तास, सामानासकट १,६५० रुपये. ईसीएमचं एस्टिमेट दाखवल्यावर ते हसले नाहीत, कागद परत देत म्हणाले, "काकानू, ह्या गाडयेक कॉम्प्युटरच नाय, मगे जळतला काय?"

नंतर जुना सेल्फ ओट्यावर ठेवून त्याला बॅटरी दिली. गिअर बाहेर आला आणि सेल्फ घरघरून फिरला. त्याचा व्हिडिओ सोबत पाठवत आहे.

आता माझं म्हणणं. लिंक, डायोड प्लेट, टोचन आणि सुट्ट्यांचे तीन दिवस हे माझे. ते मी मागत नाही. सेल्फचे ९,८५०, बॅटरीचे ७,२००, मजुरीचे २,४०० आणि २१ एप्रिलच्या परक्या गाडीचे १४,०००, असे ३३,४५० रुपये मला परत हवेत. नवी बॅटरी आणि नवा सेल्फ मी परत करतो. माझी जुनी बॅटरी मला द्या, किंवा तिच्यासारखी वॉरंटी शिल्लक असलेली द्या. आणि ईसीएमचं एस्टिमेट चुकीचं होतं, असं वर्कशॉपनं लेखी द्यावं. ते मला पैशांइतकंच महत्त्वाचं आहे, कारण तालुक्यात अशा मॉडेलच्या गाड्या अजून बऱ्याच आहेत आणि हंगामात घाईला आलेला माणूस ४१,३०० भरूनही टाकतो.

वर्कशॉपच्या मॅनेजरनी मला सांगितलं की धंद्याची गाडी आहे, ग्राहक म्हणून तक्रार चालणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच विकत घेऊन वापरलेली वस्तू 'व्यापारी हेतू'तून वगळली आहे, हे त्यांना कळवावं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी अजून फोन केलेला नाही. पंधरा दिवसांत आपलं उत्तर आलं नाही तर करेन, आणि नंतर जिल्हा आयोगाकडे जाईन. एवढ्या रकमेला तिथं शुल्कही लागत नाही.

जॉबकार्ड, बिल, एस्टिमेट आणि वायरिंगवाल्यांच्या पावतीच्या प्रती सोबत आहेत. वितळलेली लिंक आणि जुना सेल्फ गोणत्यात बांधून माझ्या पडवीत ठेवले आहेत. आपला माणूस पाहायला येणार असेल तर सकाळी अकराच्या आत पाठवा. त्यानंतर गाडी माल घेऊन वाशीच्या वाटेला लागलेली असते.

आपला,
एक पिकअपमालक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग
(नाव, गाडी व चेसिस क्रमांक सोबतच्या जॉबकार्डवर आहेत.)