ज्वालामुखीची माती पायाखालीच आहे

मा. संपादक, स.न.वि.वि.

सिसिलीतल्या एटना पर्वतावर पिढ्यान्‌पिढ्या वाइन करणाऱ्या कुटुंबावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख घरात मोठ्याने वाचला. ज्वालामुखीच्या मातीचं असलं भाग्य आपल्याकडे नाही, अशी हळहळ त्यात होती. तिथे आमच्या सासऱ्यांनी (घरात त्यांना आबा म्हणतात) चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ह्यांना एकदा पर्वतीवर न्या."

जुन्नर तालुक्यात आमची छोटी वायनरी आहे. रान दीर बघतात, हिशेब आणि लेबलं मी इथून, सहकारनगरातून बघते. तेव्हा थोडं हक्काने लिहिते. पर्वती, वेताळ टेकडी, पाताळेश्वराची लेणी ज्यात कोरली तो काळा दगड, हे सगळं थिजलेला लाव्हाच आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. एटनासारखा शंकू आपल्याकडे दिसत नाही, कारण हा लाव्हा बहुतेक जमिनीच्या लांबलचक भेगांतून वर आला आणि थरावर थर पसरत गेला. घाटातले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते त्यामुळेच.

पण 'ज्वालामुखीची माती' एवढ्याने काहीच कळत नाही, हे आबा नुकसान सोसून शिकले. वाइनची पहिली बाग त्यांनी ओढ्याकाठच्या काळ्या रानात लावली. काळं रान म्हणजे सोनं, हे लहानपणापासून ऐकलेलं. वेली नुसत्या माजल्या. पानांच्या गर्दीत हवा खेळेना, ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की डाऊनी (पानाघडांवरचा बुरशीचा रोग) ठरलेला. घड भरघोस, रस पाणचट. खायच्या थॉमसन द्राक्षांचं तिथे निभावलं असतं (आमचं घर त्याच पैशांवर उभं आहे, त्याला नावं ठेवत नाही), वाइनच्या शिराझ द्राक्षांचं निभावलं नाही. मग त्यांनी टेकडीच्या उताराचं मुरमाड रान धरलं, जिथे हुलग्यापलीकडे काही आलं नव्हतं. गावाने वेड्यात काढलं. पहारीने खड्डे घेताना गारगोट्या निघायच्या. माझ्या मुलाने त्या बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्यात. तिथे वेल हात राखून वाढते. मणी बारीक, पाण्याचा निचरा लगेच, आणि ठिबकने किती पाणी सोडायचं ते आपल्या हातात.

गंमत अशी की दोन्ही रानं एकाच दगडाची. अर्धवट झिजला तो मुरूम. पुरता झिजून सखलात साचली ती काळी, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळणारी.

पुण्यातल्या एका दुकानदाराने मला सुचवलं, बाटलीवर 'ज्वालामुखीची चव' छापा, खप वाढेल. नाही छापलं. मुळं काही दगड चाटून त्याची चव घडात पाठवत नाहीत. मातीचं काम पाणी धरणं आणि सोडणं, वेलीला आवरणं. बाकी सगळं छाटणीचं आणि उन्हाचं. इटलीतली वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. आपली झोपतच नाही. म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी, असा वर्षातून दोनदा कात्रीचा हिशेब सांभाळावा लागतो. यावर आपल्या पुरवणीत पानभर मजकूर सहज होईल. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र मांजरीत आहे, म्हणजे तुम्हाला शहराबाहेरही फारसं जावं लागणार नाही.

आणि बाग बघायची असेल तर फेब्रुवारीत वार्ताहर पाठवा. ऊन चढायच्या आत खुडा उरकतो, तेव्हा पहाटेच पोचायला हवं. जाड तळाचे बूट घालून या म्हणावं, मुरूम टोचतो.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे